कॅरिबियन क्रूझवर सीई: ५,४७८ डॉलर गेले, क्रेडिट शून्य

हे लिहायचं नव्हतंच. नवऱ्याचं म्हणणं, गेलं ते गेलं, आता चारचौघांत शोभा कशाला करून घेतेस. पण परवा, ज्या क्रूझ एजंटने मला फसवलं, त्याच माणसाचा नवीन फ्लायर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, या वेळी अलास्का, आणि खाली पटापट अंगठे आणि 'आम्ही पण येणार'. मग म्हटलं होऊ दे शोभा.

ज्यांना फार्मसी, डेंटल, नर्सिंगचं लायसन्स सांभाळावं लागतं त्यांना सीई क्रूझ काय असते ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सीई म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन, लायसन्स टिकवायला करावे लागणारे कोर्स, आणि ते केल्याची मोजणी क्रेडिटमध्ये होते. जहाज भर समुद्रात असेल त्या दिवशी लेक्चर, बंदराला लागलं की मोकळे. चांगल्या क्रूझही असतात, माझी डेंटिस्ट मैत्रीण जाऊन आलीय आणि तिला सगळी क्रेडिट व्यवस्थित मिळाली, त्यामुळे 'असल्या भानगडीत पडायचंच कशाला' हे ऐकवायला कृपया येऊ नका. मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे, दोन वर्षांत ३० क्रेडिट लागतात, त्यातले १० लाइव्ह, म्हणजे शिकवणाऱ्याला तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतील असे, आणि २०२५ च्या एप्रिलअखेर रिन्युअल होतं. दिवसभर काउंटरमागे उभं राहून पायांचे तुकडे पडतात, सुट्टी मोजून मापून मिळते, आणि समोर फ्लायर: मार्चमध्ये फोर्ट लॉडरडेलहून सात रात्री, नासाऊ, सेंट थॉमस, सेंट मार्टिन, १५ लाइव्ह क्रेडिट, वर 'फुल टॅक्स राइट-ऑफ', म्हणजे सगळा खर्च टॅक्समधून वजा. तुम्ही काय केलं असतं?

आणि माणूस आपल्यातला. राहायला फ्लोरिडात, पण पहिल्याच फोनला "ताई, माहेर कुठलं तुमचं?" सांगली म्हटल्यावर दहा मिनिटं नुसत्या भडंगाच्या गप्पा. पैशाचा विषय त्याने काढलाच नाही, मीच काढला. हे आता आठवलं की डोकं फिरतं.

आकडे स्पष्ट लिहिते, म्हणजे उगाच कोणी वाढवून सांगायला नको. रजिस्ट्रेशन ७९५ डॉलर. तिघांची बाल्कनी केबिन ३,८७०, वर टॅक्स आणि पोर्ट फी ४१२. नवरा आणि मुलीसाठी 'गेस्ट पॅकेज' १५०, त्यात नक्की काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. रजिस्ट्रेशन आणि केबिनचं १,००० डिपॉझिट कार्डावर घेतलं. राहिलेले ३,२८२ आणि ते १५०, म्हणजे ३,४३२, झेलने (Zelle, एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायची सोय), कारण "ताई, कार्डावर तीन टक्के जातात, ते तुमच्याकडून कशाला घेऊ?" बँकेची दिवसाची लिमिट आडवी आली म्हणून एका दिवशी २,००० आणि दुसऱ्या दिवशी १,४३२. विमानाची तिकिटं १,०४६, बेसिक इकॉनॉमी, म्हणजे तीही पाण्यात. एकूण ६,२७३. झेल करू नका. तीन टक्के द्या, पाच टक्के द्या, पण कार्डच द्या.

आता लोक म्हणतात आधी तपासायचं ना. तपासलं होतं! डिपॉझिटचे १,००० माझ्या स्टेटमेंटवर थेट क्रूझ कंपनीच्या नावाने दिसत होते, त्याच्या नावाने नाही. बुकिंग नंबर आला, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये टाकला तर आमची तिघांची नावं, केबिन, डेक, सगळं बरोबर. बुकिंग खरंच होतं, हीच तर गंमत आहे. त्याने फक्त डिपॉझिट भरून नंबर मिळवला आणि बाकीचे पैसे पुढे पाठवलेच नाहीत.

डिसेंबरात मुलगी घरी अ‍ॅप उघडून बसली होती, तिला सेंट थॉमसला स्नॉर्केलिंग बुक करायचं होतं. तिने मला स्टोअरमध्ये स्क्रीनशॉट पाठवला, "आई, हे बॅलन्स ड्यू काय आहे?" ३,२८२.००. खाली शेवटची तारीख, त्याच्या खाली कंपनीचा फोन नंबर. जो आकडा मी त्याला पाठवून बसले होते तोच, सेंटसकट. पोटात गोळा आला हे खोटं सांगणार नाही. पण समोर फ्लूच्या लशीची रांग, ड्राइव्ह-थ्रूची बेल वाजतेय, टेक्निशियन आजारी म्हणून मी एकटी, तशातच लंच ब्रेकला त्याला फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, ग्रुप बुकिंगमध्ये तसंच दिसतं हो, सगळ्या केबिनचं पेमेंट मी एकदम करतो, मग सगळ्यांचं एकदम झिरो होतं." मी "अच्छा" म्हटलं. हे 'अच्छा' मला केवढ्याला पडलं बघा. त्याला फोन करण्याऐवजी त्याच स्क्रीनशॉटवरचा कंपनीचा नंबर फिरवला असता तर शेवटची तारीख अजून गेली नव्हती, निदान केबिन तरी वाचली असती! पण ग्रुपचं पेमेंट असं एकदम होऊ शकतं, हे मला नंतर एका प्रामाणिक एजंटनेही सांगितलं, म्हणजे मी काही अगदीच भोळसट नव्हते.

दुसरी गोष्ट फ्लायरवरच छापलेली होती. फार्मासिस्ट मंडळींनो, कोर्सच्या युनिव्हर्सल अ‍ॅक्टिव्हिटी नंबरमध्ये शेवटाकडे एक अक्षर असतं, लाइव्हसाठी एल, घरबसल्या करायच्या कोर्ससाठी एच. फ्लायरवर वर ठळक '१५ लाइव्ह क्रेडिट' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात नंबर, शेवट एच०१-पी. कुठल्या तरी दुसऱ्याच घरबसल्या कोर्सचा उचललेला. रोज दिवसभर औषधांवरचे एनडीसी नंबर वाचणारी बाई मी, आणि हे वाचलं नाही. पण क्रूझच्या फ्लायरवर नंबर कोण वाचतं, सेंट मार्टिनचा निळा समुद्र बघतात सगळे.

जानेवारीच्या शेवटी चेक-इन करायला गेले तर बुकिंगच सापडेना. कंपनीच्या बाईने सांगितलं, फायनल पेमेंट आलं नाही म्हणून कॅन्सल झालं, डिपॉझिट नॉन-रिफंडेबल, पुढचं तुमच्या ट्रॅव्हल एजंटशी बोला. एजंट आधी म्हणाला सिस्टीमचा घोळ आहे. मग म्हणाला ग्रुप पुढच्या सेलिंगला हलवतोय. मग त्याची आई पुण्यात आयसीयूत गेली, आणि मी, बावळट, "काळजी घ्या त्यांची" असा मेसेज केला. शेवटी 'क्लासेस ऑनलाइन घेतले' असं धरून एक पीडीएफ सर्टिफिकेट पाठवलं. क्लास एकही झालेला नाही! सीपीई मॉनिटरमध्ये, म्हणजे फार्मासिस्टची क्रेडिट जिथे ऑनलाइन नोंदली जातात तिथे, काही दिसेना तर म्हणे प्रोव्हायडरला, म्हणजे कोर्स घेणाऱ्या संस्थेला, नोंद करायला साठ दिवस असतात. तो नियम खरा आहे, म्हणूनच मी फेब्रुवारी-मार्च वाट बघत बसले. सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद, क्रेडिट मॉनिटरमध्ये दिसलं तरच ते क्रेडिट. एप्रिलमध्ये रात्री जागून लाइव्ह वेबिनार केले आणि लायसन्स वाचवलं. हो, तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतील असा वेबिनारही लाइव्ह धरतात, समुद्रावर जायची गरज नसते.

बँकेचं तर काय सांगू. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून कहाणी, आणि शेवटी एकच वाक्य: पैसे तुम्ही स्वतः पाठवले, कोणी चोरले नाहीत. कार्डावरचे रजिस्ट्रेशनचे ७९५ तेवढे डिस्प्यूट करून, म्हणजे कार्ड कंपनीकडे त्या पेमेंटविरुद्ध तक्रार टाकून, परत आले. आमच्या गावच्या पोलिसांनी हे 'सिव्हिल मॅटर' आहे, त्याच्या गावात तक्रार करा म्हणून सांगितलं. त्याच्या गावच्या पोलिसांनी, तुम्ही जिथे पैसे पाठवले तिथे करा. मी दोघांना विचारलं की पैसे हवेत असताना कोणाच्या हद्दीत असतात, तर काउंटरवरचा हसला. हसला! ऑनलाइन तक्रार पोर्टलवर दोन तास बसून स्क्रीनशॉट, पावत्या, मेसेज सगळं चढवलं, त्यांनी एक नंबर पाठवला आणि कळवलं की वैयक्तिक तक्रारींचा पाठपुरावा केला जात नाही. मग नंबर कशाला देता, लॉटरीला लावायला? आणखी एका कार्यालयात चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं की फॉर्म पोस्टाने पाठवा. पोस्टाने! चोराला दोन मिनिटांत पैसे जातात आणि तक्रार तिकीट लावून जाते.

टॅक्सचं तर राहिलंच. 'फुल राइट-ऑफ' कोणी म्हणालं की फोन ठेवा. आमच्या सीपीएने (टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटने) हसूनच सांगितलं, क्रूझवरच्या सेमिनारची वजावट वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, तीही जहाज अमेरिकेत नोंदलेलं असेल आणि सगळी बंदरं अमेरिकेची किंवा तिच्या ताब्यातली असतील तरच. आमच्या जहाजावर बहामाजचा झेंडा आणि बंदरांत नासाऊ आणि सेंट मार्टिन. म्हणजे काय ते समजा.

आणि फ्लोरिडात ट्रॅव्हल विकणाऱ्याला राज्याकडे नोंदणी करावी लागते, गंमत म्हणजे ती शेतकी खात्याकडे असते, त्यामुळे मला शोधायचं सुचलंच नाही. पर्यटनाचा आणि शेतीचा संबंध काय, विचारू नका. नंबर जाहिरातीवर छापावा लागतो आणि त्यांच्या साइटवर फुकट तपासता येतो. याचा छापलेला होता, नोंदणी कधीच संपलेली.

७९५ वजा जाता ५,४७८ गेले. रुपयांत तेव्हाच्या भावाने पावणेपाच लाखांच्या आसपास, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि कोणी सांगूही नका.

ज्यांनी अलास्कासाठी डिपॉझिट भरलंय त्यांनी त्याला फोन करू नका, तो गोडच बोलणार. आजच थेट क्रूझ कंपनीला फोन करा, बुकिंग नंबर द्या, बाकी किती आणि शेवटची तारीख कोणती ते विचारा, आणि उरलेले पैसे कंपनीलाच, तुमच्याच कार्डाने भरा. रजिस्ट्रेशन कार्डावर घेतलं असेल तर डिस्प्यूट लगेच टाका. आमच्याच सेलिंगसाठी त्याला पैसे दिलेले अजून कोणी असाल तर मला पर्सनल मेसेज करा, एकटीच्या तक्रारीला कोणी विचारत नाही, सगळ्यांची मिळून वकिलाकडे नेऊ.