टेस्टडिस्क-फोटोरेक: फायली मिळाल्या, नावं गेली

फोटोरेक या गेलेल्या फायली परत काढणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने माझ्या मरायला टेकलेल्या डिस्कवरचे जवळपास सगळे फोटो काढून दिले, तेही एक पैसा न घेता. तरी माझा त्याच्यावर राग आहे आणि इतके महिने वापरूनही तो पुरता गेलेला नाही.

जुन्या लॅपटॉपने विंडोज उघडायचं बंद केलं तिथून हे सुरू झालं. 'ऑटोमॅटिक रिपेअर' यायचं, गोल फिरत बसायचं, दुरुस्त करता आलं नाही म्हणायचं, रीस्टार्ट, पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरवाल्याने डिस्क तपासायच्या आतच 'फॉरमॅट मारावं लागेल' असं सांगून टाकलं. डेटा हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे, आणि मिळेलच याची खात्री नाही. म्हणून एक पैसेवालं रिकव्हरी सॉफ्टवेअर आणलं. त्याच्या मोफत आवृत्तीने रात्रभर स्कॅन केलं, एकेक फोटो इवलासा करून दाखवला आणि 'रिकव्हर' दाबल्यावर वर्षभराचं सबस्क्रिप्शन मागितलं. वर्षभराचं! डिस्क काय दर महिन्याला उडते?

मग सिस्टमरेस्क्यू (दुरुस्तीच्या साधनांनी भरलेलं लिनक्स) पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं. हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) शोधणारं टेस्टडिस्क, फोटोरेक, डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू, सगळं त्यात आयतंच असतं. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा अहवाल पाहिला तर 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे धड वाचता न येणाऱ्या जागा, वाढत चाललेले. अशा डिस्कवर लोक बिनधास्त 'चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) मार' म्हणून सांगतात. ते करू नका. दुरुस्तीसाठी चालवलं की चेकडिस्क त्याच आजारी डिस्कवर लिहायला लागतं आणि त्याला न कळलेल्या नोंदी कापून टाकतं. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढायची आणि पुढचे सगळे उद्योग त्या प्रतीवर करायचे. डीडीरेस्क्यूबद्दल माझी काडीची तक्रार नाही. सहज वाचता येतो तो भाग ते आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. कुठपर्यंत आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली, तरी तीच कमांड पुन्हा दिल्यावर राहिलं होतं तिथून पुढे सुरू झालं. खराब डिस्कवर रेंगाळतं, पण तिथे घाई कुणाला परवडते?

आता नावं. फोटोरेकने काढलेल्या फायली 'रिकप_डिर.१', 'रिकप_डिर.२' अशा फोल्डरांत पडतात, एका फोल्डरात पाचशे. आणि नावं? 'एफ००१६७४१.जेपीजी'. पुढची तशीच, आकडा वेगळा. मुलीच्या फोटोशेजारी कुठल्याशा वेबसाइटचं बटण, त्याच्याशेजारी प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला आयकॉन, मग तोच फोटो छोट्या आकारात पुन्हा. पीडीएफमध्ये शीर्षक सापडलंच तर आकड्यापुढे ते चिकटवलेलं असतं, एवढीच काय ती मेहेरबानी. मुळात सगळे फाइलप्रकार आधीच निवडलेले असतात, म्हणून हा कचरा. 'फाइल ऑप्ट'मध्ये जाऊन 'एस' दाबलं की सगळ्या खुणा निघतात, मग फक्त जेपीजी, पीडीएफ, झिप (वर्डच्या डॉक्स फायली त्यातच येतात) असं हवं तेवढं निवडता येतं. हे पहिल्याच पडद्यावर ठळक लिहायला काय जातं? फोटोंपुरता उपाय म्हणजे एक्झिफटूल हा प्रोग्रॅम. कॅमेऱ्याने फोटोतच लिहून ठेवलेल्या तारखेवरून ते एका कमांडमध्ये सगळ्यांची नावं बदलतं. पत्रं आणि हिशोबाच्या फायली मात्र एकेक उघडून ओळखत बसलो.

इथपर्यंतच लिहायचं असतं तर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. पण पुढे मेहुण्याच्या मशीनवर विंडोज नव्याने टाकताना डेटाचं पार्टिशनच उडालं. या वेळी आधी टेस्टडिस्क चालवलं. त्याने हरवलेलं पार्टिशन शोधलं, 'पी' दाबल्यावर आतली यादी दाखवली आणि काय सांगू, सगळे फोल्डर जागच्या जागी, नावं जशीच्या तशी! 'ए' ने सगळं निवडलं, मोठ्या 'सी' ने दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. फरक का, तर एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) फाइलचं नाव एमएफटी या तक्त्यात असतं, फाइलच्या मजकुरात नसतं. तक्ता शाबूत असला तर टेस्टडिस्क तो वाचतं. माझ्या डिस्कवर तोच फाटला होता, त्यामुळे फोटोरेक फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण शोधत मजकूर उचलत गेलं. त्याला नाव कळणार कुठून? कॅमेऱ्याच्या कार्डावर फॅट ही जुनी मांडणी असेल तर फाइल पुसली की नावाचं फक्त पहिलं अक्षर जातं, बाकीचं राहतं. तिथेही आधी टेस्टडिस्कच.

म्हणून आता चार तारे. पाचवा देणार नाही. दोन्ही प्रोग्रॅम एकाच झिपमध्ये येतात, तर फोटोरेकने सुरू होतानाच 'आधी टेस्टडिस्कमध्ये यादी दिसते का बघा' एवढी एक ओळ दाखवायला हवी.

विंडोज सुरू करणं हे यांचं काम नाही. मेहुण्याचं मशीन त्यानंतरही उठत नव्हतं आणि विंडोजचा सुरुवातीचा भाग दुरुस्त करणाऱ्या 'बूटरेक /फिक्सबूट' या कमांडने 'ॲक्सेस इज डिनाइड' असं तोंडावर फेकलं. यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेली व्यवस्था) असलेल्या मशीनवर हे नेहमीचं आहे. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडने बूटच्या फायली असलेल्या छोट्या ईएफआय पार्टिशनला एक अक्षर द्यायचं आणि 'बीसीडीबूट' ने बूटच्या फायली तिथे नव्याने लिहायच्या. फक्त रिकव्हरीच्या काळ्या पडद्यात विंडोजचा ड्राइव्ह 'सी'च असेल असं धरू नका, आधी 'डिर' या कमांडने आतली यादी बघा.

एसएसडी असेल तर पुसलेल्या फायलींसाठी फार आशा नको. ट्रिम चालू असलं की पुसलेली जागा डिस्क स्वतःच मोकळी करते, तिथे फोटोरेकला शून्यांशिवाय काही मिळत नाही. बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागणारच. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, तेव्हा उपाय एक फाइल पुसण्याइतका सोपा होता, पण बिटलॉकरवाल्या मशीनवर त्या फाइलपर्यंत पोचायला आधी हीच की शोधावी लागत होती. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात की दिसते का ते आजच बघा आणि लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा.