विज्ञानकथेतली माणसं यानाबाहेर पाठवायची कशी?

इंदुरात दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतलेली रामबाग-लोकमान्यनगरातली मुलं कथा वाचायला देतात, तेव्हा बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली असते. यान परग्रहापाशी पोचलेलं असतं, पात्रं ठरलेली असतात, पण ती बाहेर पडणार कशी हे काही ठरत नाही. पर्याय मुख्यतः चार: लँडर (खाली उतरणारं छोटं यान), टेलिपोर्ट (इथं नाहीसं होऊन क्षणात तिथं उमटणं), स्पेसवॉक (पोशाख घालून यानाबाहेर अवकाशात जाणं), नाहीतर माणसं वर आणि रोव्हर (चाकांवर फिरणारं यंत्र) खाली. यातलं एक निवडताना मी आधी बघते ते परत येणं किती अवघड आहे. परतीची खात्री असली की वाचक निवांत होतो, आणि विज्ञानकथेत वाचक निवांत झाला तर पुढची पानं जड जातात.

टेलिपोर्टचं लवकर आटोपते. 1966 साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत तो आला, कारण दर भागात यान उतरवण्याची दृश्यं खर्चात बसत नव्हती. कागदावर लिहिताना तुम्हाला ही अडचणच नाही. शिवाय संकट आलं की ‘वर ओढून घ्या’ एवढं म्हटलं की सुटका, त्यामुळे दर वेळी यंत्र बिघडवावं लागतं. पहिल्याच कथेत ते नको.

लँडर मात्र मनापासून सुचवेन. माणसांना चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या लँडरचे दोन भाग होते. खालचा चंद्रावरच राहायचा आणि त्याचाच तळ करून वरचा उडायचा. वरच्या भागाला इंजिन एकच, ते पेटलं नाही तर दुसरा उपाय नाही. 1969 मध्ये अपोलो 11 च्या केबिनमध्ये नेमकं याच इंजिनाच्या सर्किटचं बटण तुटलेलं सापडलं. बझ आल्ड्रिननं खिशातलं स्केचपेन त्या भोकात घालून ते दाबलं. वर मुख्य यानात त्यांचा साथीदार मायकेल कॉलिन्स एकटाच चंद्राभोवती फेऱ्या मारत होता, आणि दर फेरीत चंद्राआड गेला की सुमारे 48 मिनिटं त्याचा कुणाशीही संपर्क नसायचा. तीन माणसं, दोन जागा, एक तुटकं बटण: एवढ्यावर अख्खी कथा उभी राहते.

पुढच्या मोहिमांत चंद्रावर गाडी आली, तेव्हा एक नियम पाळला गेला: गाडी बंद पडली तर शिल्लक प्राणवायूवर पायी परतता येईल त्याहून लांब जायचं नाही. अपोलो 17 ची जोडी सर्वांत लांब गेली ती साडेसात किलोमीटरच्या आसपास. तुमच्या पात्रांनाही अशी हद्द आखून द्या आणि कुतूहलाची गोष्ट हद्दीच्या थोडी पलीकडे ठेवा.

लँडर घेतलात तर ग्रह जपून निवडा. चंद्रावरून सुटायला सेकंदाला 2.4 किलोमीटर वेग पुरतो, मंगळावरून 5, पृथ्वीवरून 11.2. पृथ्वीएवढ्या ग्रहावर छोटं यान उतरवून सहज परत उडवलंत, तर शाळेत मुक्तिवेग शिकलेला वाचक तिथेच थांबेल. जमिनीचं वर्णन मात्र घराजवळ मिळेल. आपल्या माळव्याचा कातळ बेसाल्ट आहे, चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. पावसाळ्यात इंदुराजवळच्या पाताळपाणी धबधब्याच्या बाजूला काळ्या मातीतून चालून बघा. जमीन पायाला कशी धरते ते कळेल. चांद्रवीरांच्या पोशाखाला धूळ अशीच चिकटून केबिनमध्ये यायची, आणि तिला उडवलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास यायचा.

पाच-सहा पानांची कथा असेल आणि पात्र एकच, तर स्पेसवॉक लँडरच्याही पुढे. 18 मार्च 1965 ला सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर आला, जेमतेम बारा मिनिटं. माणसाचा तो पहिलाच स्पेसवॉक. निर्वातात त्याचा पोशाख फुगला, बोटं हातमोज्यांच्या टोकांपर्यंत पोचेनात, आणि दारातून आत शिरता येईना. शेवटी त्यानं पोशाखातली हवा स्वतःच थोडी थोडी सोडली. 2013 मध्ये स्पेसवॉक करताना इटलीचा अंतराळवीर लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये पाणी साचत गेलं, नाका-डोळ्यांवर आलं, तेव्हा तो सुरक्षा-दोरीच्या ओढीच्या अंदाजानं दारापर्यंत परतला. इथे परग्रह लागत नाही, राक्षस लागत नाही. मात्र संवाद कमी आणि शरीराचं वर्णन जास्त लिहावं लागतं. संवादांवर कथा पेलणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

रोव्हर ज्याला शास्त्रज्ञ-पात्र रंगवायचं आहे त्याच्यासाठी. 27 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरच्या पुढ्यात तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला, आणि त्याला आल्या वाटेनं परत फिरवलं गेलं. मंगळाकडे पृथ्वीवरून संदेश जायला 3 ते 22 मिनिटं लागतात. माणसं कक्षेत असतील तर हा उशीर जवळजवळ उरत नाही. त्यामुळे माणसांना तिथवर न्यायला सबळ कारण मिळतं. पण खालच्या यंत्राचं काही बिघडलं तर वाचकाला हळहळ वाटेल, भीती नाही.

राहिला कॅप्टन. त्यानं यान सोडून खाली जावं का, यावर मुलं फार भांडतात. अपोलोत मोहिमेचा कमांडर स्वतः उतरायचा, म्हणजे ते अवास्तव नाही. पण मग वर राहणाऱ्याच्या हाती एक अधिकार द्या: परत आलेल्यांना दार उघडायचं की नाही. चंद्रावरून आलेल्यांनाही सुरुवातीला 21 दिवस विलगीकरणात ठेवत. बाहेर कॅप्टन, आत सर्वांत कनिष्ठ खलाशी, आणि दाराची चावी कनिष्ठाकडे. हा प्रसंग कथेच्या मध्यावर आणा, शेवटासाठी राखून ठेवू नका.