मुलांना जगाचा सिनेमा दाखवायचा, तर घरी, सोसायटीत की शाळेत?

सात ते बारा वर्षांच्या मुलांना इराणी, फ्रेंच, जपानी सिनेमाची गोडी लावायची म्हटलं की पालक आधी चित्रपटांची यादी मागतात. यादी लागतेच. पण मूल शेवटपर्यंत बसेल का, हे ते कुठे बसलंय, शेजारी कोण आहे आणि सबटायटल्स वाचावी लागतात का, यावर जास्त ठरतं. म्हणून आधी जागा, मग चित्रपट.

घरचा टीव्ही

सात वर्षांखालच्या मुलांसाठी घरच बरं. घाबरलं, रडू आलं तर आईबाबा जवळ असतात. अडचण रिमोटची. ‘माय नेबर टोटोरो’ (जपान, 1988, 86 मिनिटं) मध्ये टोटोरो हा प्राणी दिसायलाच जवळपास अर्धा तास जातो. तोवर दोघी बहिणी नव्या घरात नुसत्या हुंदडत असतात. घरी तेवढ्यात कोणीतरी ‘दुसरं काही लाव ना’ म्हणतंच. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, मध्ये एकच मध्यंतर ठरवा. टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. ते चालू असलं की सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

सोसायटीचा हॉल किंवा गच्ची

वीस मुलं एकत्र हसली की लाजरं मूलही खुलतं, आणि हे घरी मिळत नाही. पण तयारी लागते. 100 इंची चित्र सुमारे 2.2 मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतं. त्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड नेमकी सबटायटल्स जातात. पांढरी डिस्टेंपरची भिंत चालते, ऑइल पेंटची चकाकते. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर लिहिलेल्या लुमेनवर (उजेडाच्या मापावर) जाऊ नका, प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या ‘एएनएसआय लुमेन’चा आकडा विचारा. पूर्ण अंधारात 400-500 पुरतात. पडदे नसलेल्या हॉलमध्ये अडीच-तीन हजार लागतात. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे राहतो, म्हणून वायर जोडा. फोनचं चित्र प्रोजेक्टरवर पाठवलं (मिररिंग) तर बरेचदा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो, कारण ओटीटी ॲप चित्र अडवतं.

नागपूरसारख्या शहरात उन्हाळा इथे निर्णायक ठरतो. मे महिन्यात सव्वासातपर्यंत नीट अंधार होत नाही आणि गच्चीची फरशी त्यानंतरही तापलेली असते. हॉलमध्ये बसावं तर कूलरच्या घरघरीत संवाद बुडतात. उन्हाळ्यात दाखवायचंच असेल तर मूकपट किंवा कमी संवादांचा चित्रपट निवडा. डिसेंबर-जानेवारी सर्वांत सोयीचे: साडेपाच-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मुलं आठला घरी पोचतात. लाइट गेल्यावर लॅम्पचा प्रोजेक्टर थंड न होता एकदम बंद पडतो आणि लॅम्पचं आयुष्य घटतं, म्हणून त्याला यूपीएस द्या.

परवानगीचं काय? ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते. सोसायटीत दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी.

शाळा

इथे कायदा सोपा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे: प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित मंडळी असतील, तर संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो. ओटीटीच्या अटी मात्र वेगळ्या असतात, म्हणून डीव्हीडी वापरलेली बरी. शाळेची खरी अडचण वेळेची. 35 मिनिटांच्या तासिकेत मोठा चित्रपट तोडून दाखवण्यापेक्षा शनिवारची सकाळ मागून घ्या. खिडक्यांना काळा कागद लावायला विसरू नका.

सबटायटल्स की वाचून दाखवणं

चौथीच्या आतल्या मुलांची ओळ वाचून होईपर्यंत चित्र पुढे जातं, मग शाळेचं माध्यम कुठलंही असो. अशा वेळी एका मोठ्या माणसाने मुलांच्या मागे बसून मराठीत ओळी वाचाव्यात. आवाज काढून अभिनय करू नये, ‘हो’, ‘ये’ असले शब्द सोडून द्यावेत, आणि आदल्या दिवशी एकदा सगळं वाचून बघावं. मराठी सबटायटल्सची फाइल स्वतः केली असेल तर ती यूटीएफ-8 मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा आणि लॅपटॉपवरून चालवा. प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरवर देवनागरीचे बरेचदा नुसते चौकोन दिसतात.

पहिला चित्रपट

‘द रेड बलून’ (फ्रान्स, 1956) 34 मिनिटांचा, जवळपास संवादच नाहीत, पॅरिसच्या गल्ल्यांतून एका मुलामागे फिरणारा फुगा. शेवटाकडे दांडगट पोरं फुगा फोडतात तेव्हा लहानगी रडतात. पुढची दोन मिनिटं बघू द्या. चॅप्लिनचा ‘द किड’ (1921) चालतोच, पण त्यातलं मूल बापापासून ओढून नेण्याचं दृश्य पाच वर्षांच्या मुलाला जड जातं.

‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (इराण, 1997, दीड तास) तिसरीच्या पुढे. बहिणीचे बूट हरवतात, मग भाऊ-बहीण एकच जोड वापरतात: तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेतल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटी वडिलांच्या सायकलवर नवे बूट दिसतात, पण तो शॉट क्षणभरच असतो. त्या वेळी कोणी दार उघडलं तर मुलांना वाटतं, भावाला काहीच मिळालं नाही. नावं पूर्ण वर जाईपर्यंत दिवा लावू नका.

आमची निवड स्पष्ट आहे: जमेल तिथे शाळा, आणि सुरुवात ‘द रेड बलून’ने. घरीच दाखवायचं असेल तर शेजारची दोन-तीन मुलं बोलवा. टोटोरो तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठेवा. तोवर मुलांना संथ चालीची सवय झालेली असते.