सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या घरी: दिवाळीपासून मेपर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर सोया मेणाचे फ्लेक्स, कापसाच्या वाती आणि दोन-तीन सुगंधी तेलं ऑनलाइन मागवली. थंडी सरली, आता मे संपत आला, तरी नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या स्वयंपाकघरात सुट्टीच्या दिवशी मेण वितळतंच आहे. एवढ्या वापरानंतर खात्रीने सांगते: खर्च आणि वेळ आधी वातीवर घाला, सुगंधावर नंतर. सगळीकडे चर्चा वासाची असते, पण मेणबत्ती नीट जळणार की नाही हे वातच ठरवते.

माझे ग्लास सात सेंटिमीटर रुंदीचे. सामानासोबत आलेली वात त्यांना बारीक पडायची. मधोमध खड्डा, कडेचं मेण जसंच्या तसं, आणि शेवटी ज्योत त्या खड्ड्यातल्या मेणात बुडून विझायची. वात किती रुंदीच्या ग्लासची आहे, हे पाकिटावर कुठेच नव्हतं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, ‘सगळ्याला चालते.’ अजिबात चालत नाही! मग तीन जाडीच्या वाती आणल्या, सारख्याच ग्लासांत एकच मेण ओतलं आणि तिन्ही शेजारी शेजारी लावल्या. जाड वातीची ज्योत उंच, सतत थरथरणारी, आणि ग्लासच्या काठाला काळी किनार. मधल्या वातीने तीनेक तासांत काठापर्यंत मेण वितळवलं, थर जेमतेम सेंटिमीटरभर. हवं होतं ते हेच. पहिल्यांदा लावताना मेण काठापर्यंत वितळू द्यायचंच, नाहीतर पुढच्या वेळीही ते तेवढ्याच गोलात वितळत राहतं. शिवाय तेल बदललं की वात पुन्हा तपासावी लागते. व्हॅनिलासारखी जड तेलं वातीतून सावकाश चढतात.

सोया मेणाला काजळी धरत नाही, अशी जाहिरात असते. धरते. वात लांब राहिली किंवा पंख्याचा वारा लागला की धरतेच. आमच्या आई मी मेणबत्ती हातात घेतली की आधी म्हणतात, “अगं, वात काप, भिंत काळी होईल.” पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापली की काजळी जवळजवळ दिसत नाही.

कृती सोपी आहे, फक्त अंदाजपंचे चालत नाही. वजनकाटा आणि थर्मामीटर हवाच. 500 ग्रॅम मेणाला मी 40 ग्रॅम तेल घेते, म्हणजे आठ टक्के. भांडी बाजारातून आणलेला स्टीलचा जग पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, मेण 75 ते 80 अंशांवर न्यायचं, तेल घालून दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळायचं आणि 55च्या आसपास उतरलं की ओतायचं. थेट गॅसवर मेण कधीच ठेवू नका. पेटलंच तर पाणी न टाकता गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. ओतल्यावर निदान आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे, मेणबत्ती झाकून ठेवा. दुसऱ्याच दिवशी लावलेल्या आणि मुरलेल्या मोगऱ्याच्या मेणबत्तीच्या वासात चांगलाच फरक पडतो.

नाशिकच्या हवेचं मात्र वेगळंच प्रकरण आहे. जानेवारीत गार ग्लासात गरम मेण ओतलं की ते काचेपासून सुटून ओलसर दिसणारे डाग पडतात. ग्लास आधी कोमट करून घेतले की बरेच कमी होतात. वर पांढरी बुरशीसारखी नक्षीही उमटते. ती बुरशी नव्हे. हे मेण म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेलच, त्यामुळे साजूक तूप रवाळ व्हावं तसंच हेही होतं. जळण्यात काही फरक पडत नाही. भेट द्यायची असेल तर रंग न घालता पांढरंच ठेवा, नक्षी उठून दिसत नाही.

एप्रिल-मेत उलट त्रास. ग्लासात ओतायचं सोया मेण पन्नास अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे चाळिशीच्या उन्हात ते मऊ पडतं आणि वर तेलाचे थेंब येतात. बंद गाडीत तर ठेवूच नका. गंगापूर रोडला मैत्रिणीकडे न्यायच्या असल्या तरी मी आता सकाळीच निघते.

वासांत मोगरा आणि खस सगळ्यांत छान उतरले. संत्र्याचं नैसर्गिक तेल महाग असूनही मेणात जवळजवळ हरवून जातं, परत घेणार नाही. व्हॅनिलाने मेण पिवळट-तपकिरी पडतं, वास मात्र टिकतो. गवती चहाचा वास घरात सगळ्यांना आवडला, पण गोदाकाठच्या डासांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका, मच्छरदाणी लावाच.

नेहमीच्या मेणबत्त्यांतल्या पॅराफिन मेणापेक्षा हे मेण महाग पडतं आणि वासही जरा सौम्य येतो. पण मला बैठकीच्या खोलीत सौम्यच वास हवा असतो. शिवाय सांडलेलं मेण आधी कागदाने पुसून घेतलं की भांडी गरम पाणी आणि साबणाने निघतात (सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते). नवीन सुरुवात करणाऱ्यांनी एकदम पाच किलो मेण घेऊ नये. एक किलो मेण, एकच तेल, एकाच मापाचे ग्लास आणि तीन-चार जाडीच्या वाती घ्या. वात जमली की मग बाकीचं मागवा.