ऑस्टिनची कॅसेट शेगडी आणि गोधडीतला गॅस

आधी निकाल सांगते, मग कथा. शेगडीला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. घ्यावी का, तर घ्या, पण थंडी पडायच्या आधी घ्या. वादळाची बातमी लागल्यावर दुकानात गेलात तर एखादी शेगडी मिळेलही, डबे मात्र मिळणार नाहीत.

वस्तू तुम्ही पाहिलेली असेल. कोरियन हॉटेलात टेबलावर ठेवून समोरच रस्सा उकळतात ना, तीच एका बर्नरची चपटी शेगडी. उजव्या हाताला एक कप्पा, त्यात केसांच्या स्प्रेसारखा दिसणारा ब्युटेनचा डबा आडवा बसतो. रबरी नळी नाही, रेग्युलेटर नाही. जपानमध्ये इवातानी कंपनीने १९६९ मध्ये असली शेगडी पहिल्यांदा बाजारात आणली. माझी त्यांची नाही, दुसऱ्याच कुणाची आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि या किमतीतल्या सगळ्या शेगड्या एकमेकींच्या बहिणी वाटतात. मला ३२ डॉलरला पडली, चार डबे ११ डॉलरला.

खरं तर बर्फाचा विचारही मनात नव्हता. २०२० च्या दिवाळीत इथे, टेक्सासमधल्या ऑस्टिनला, चकल्या पॅटिओवर (घरामागच्या फरसबंद अंगणात) तळायच्या म्हणून घेतली. घरात तळण काढलं की इथल्या कार्पेटला संक्रांतीपर्यंत वास राहतो. चकल्या झाल्या, शेगडी पुसून पेटीत गेली आणि उरलेले तीन डबे गराजच्या फळीवर, रंगाच्या डब्यांशेजारी. इथेच पहिली चूक झाली, पण ती कळायला फेब्रुवारी उजाडावा लागला.

१४ फेब्रुवारी २०२१, रविवार. रात्री बर्फ पडायला लागला तेव्हा आम्ही दारात उभं राहून हौसेने फोटो काढले. ऑस्टिनमध्ये सकाळपर्यंत साडेसहा इंचांच्या आसपास साचला होता. सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास वीज गेली. आमच्या घरात गॅसची लाईन नाही. हीटर विजेवर, काचेची शेगडी विजेवर, पाणी तापवायची टाकी विजेवर, गराजचं दारसुद्धा विजेवर. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. जानेवारी २०२० मध्ये सहा महिन्यांसाठी आल्या आणि कोविडमुळे मुक्काम वाढत गेला. त्या मिरजेच्या. वीज गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "येईल दोन-तीन तासांत, लोडशेडिंग असेल," म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

लोडशेडिंगच होतं, पण आपल्याकडचं नव्हे. आपल्याकडे निदान वेळापत्रक पेपरात यायचं. इथेही आळीपाळीने बंद करू असं सांगितलं होतं. पण तुटवडाच इतका होता, की हॉस्पिटलं आणि पाणीपुरवठा ज्या लाईनींवर आहेत त्या सोडल्या तर आळीपाळी करायला फारसं काही उरलंच नाही. ज्यांची होती त्यांची राहिली, ज्यांची गेली त्यांची गेलीच. आमची गुरुवारी सकाळी आली. मधल्या काळात डाउनटाउनच्या रिकाम्या इमारती झगमगत असल्याचे फोटो फोनवर बघून नवऱ्याने जे शब्द वापरले, ते सासूबाईंनी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले असावेत.

तर सोमवारी सकाळी शेगडी. आत ५० फॅरनहाइट, म्हणजे दहा सेल्सिअस. बाहेर उणे बारा-तेरा. मी मोठ्या ऐटीत गराजमधून डबा आणला, कप्प्यात बसवला. डब्याच्या गळ्याला एक खाच असते, ती शेगडीच्या जिभेसमोर आली पाहिजे, मग बाजूची कडी खाली दाबायची. खट्ट आवाज आला. बटण फिरवलं, टक्. ठिणगी पडली, ज्योत नाही. पुन्हा टक्. काही नाही. डबा काढून हलवला तर आत खळखळ. भरलेला. चौथ्या-पाचव्या वेळी काजव्याएवढी निळी ज्योत आली, दोन सेकंद थरथरली आणि गेली.

सासूबाई मागे शाल गुंडाळून उभ्या. "गॅस आहे ना गं?"

"आहे, पण येत नाहीये."

हे वाक्य तेव्हा मला स्वतःलाच वेडगळ वाटलं होतं. अर्थ नंतर कळला. डब्यात ब्युटेन द्रवरूपात असतो. त्याची वाफ झाली तरच ती बर्नरपर्यंत जाते, आणि ब्युटेन उकळतो साधारण उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे पाणी जिथे गोठतं, जवळपास तिथेच हा गॅस व्हायचा थांबतो. माझे डबे रात्रभर गराजमध्ये गोठणबिंदूच्या खाली होते. वाफ होणार कुठून? शिवाय वाफ होताना डबा आणखी गार पडतो, त्यामुळे सुरुवातीला बरी वाटणारी ज्योतही पाच-सात मिनिटांत मान टाकते. बर्फाच्या दिवसासाठी म्हणून विकली जाणारी वस्तू नेमकी गारठ्यात लंगडते. कापलेला तारा तो हाच.

सासूबाईंनी लगेच उपाय काढला: "परातीत कोमट पाणी घाल आणि त्यात ठेव डबा." गॅस संपत आला की सिलिंडर कोमट पाण्यात उभा करायची आपल्याकडची जुनी युक्ती. पण पाणी कोमट करायलाच तर शेगडी हवी होती, आणि डब्यावर ठळक लिहिलेलं, की याला कुठल्याही प्रकारे तापवू नये. थोडा वाद झाला. शेवटी तडजोड म्हणून तिन्ही डबे त्यांनी स्वतःच्या गोधडीत, पायांशी घेतले. अंगाची ऊब, त्यापलीकडे काही नाही. तासाभराने बाहेर काढलेला डबा हाताला गार लागत नव्हता. टक्. गोल, निळी, सशक्त ज्योत. मिरजेहून आणलेली ती लुगड्यांची गोधडी तीन दिवस आमचा गॅसगोडाऊन होती. एक डबा शेगडीत, दोन गोधडीत, ज्योत मंदावली की अदलाबदल. काढलेल्या डब्यावर बारीक पांढरी बुरशी आल्यासारखं दव गोठलेलं असायचं.

आकडे हवे असतील तर हे घ्या. डबा २२७ ग्रॅमचा. पूर्ण आचेवर उन्हाळ्यात सव्वा तास जातो. लिटरभर पाण्याला उन्हाळ्यात सहा मिनिटांत उकळी येते, त्या आठवड्यात अकरा-बारा लागली. तीन लिटरच्या कुकरमध्ये मुगाची खिचडी, तीन शिट्ट्या, मग शेगडी बंद करून कुकर जाड टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. शिजते, आणि तोवर टॉवेलाला हात शेकता येतात. दिवसाला तीनदा चहा, एकदा खिचडी किंवा पिठलं, थोडं गरम पाणी एवढ्यात दिवसाला पाऊण डबा जायचा.

अर्धा डबा मात्र नवऱ्याने उधळला. बुधवारी ऑस्टिनने पाणी उकळून पिण्याची सूचना काढली तोवर आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती. म्हणून साहेबांनी बादलीभर बर्फ आणून वितळवायला घेतला. बादलीभर बर्फाचं तांब्याभर पाणी झालं, तेही काड्या-पानांचं, आणि जवळजवळ अर्धा डबा खलास. फ्लशसाठी पाणी हवं असेल तर बर्फ बाथटबमध्ये टाकून सावकाश वितळू द्या, शेगडीवर नको.

आता गंभीर भाग. डब्यावर आणि पेटीवर लिहिलेलं असतं: घराबाहेर वापरा. आम्ही पहिल्या सकाळी ओट्यावरच पेटवली, खिडकी चार बोटं उघडून. ती चूक होती, लपवत नाही. दुपारपासून पॅटिओच्या उघड्या दारात बसवली. वारा आला की ज्योत आडवी व्हायची, पण निदान आम्ही धडधाकट होतो. या शेगडीने खोली उबदार होते असं कुणी सांगितलं तर हात जोडा. त्या वादळात टेक्सासमध्ये २४६ माणसं गेल्याची नोंद राज्याच्या आरोग्य खात्याने केली. त्यातली १९ कार्बन मोनॉक्साइडने. थंडीने हैराण झालेल्यांनी जनरेटर घरात आणले, बंद गराजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. या वायूला वास नसतो, पेंग येते आणि माणूस झोपतो. शेगडी घ्याल त्याच दिवशी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही घ्या. शेगडीपेक्षा तो स्वस्त मिळतो. आणि गराजचं दार वीज नसताना उघडायचं असेल तर वर लोंबणारी लाल दोरी ओढायची. आम्हाला अकरा वर्षं त्या घरात राहून ती कशासाठी आहे ते माहीत नव्हतं.

भाकरीचं काय, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आलाच. नाही होत. म्हणजे होते, पण करू नये. लोखंडी तवा एवढा रुंद, की त्याची कड थेट डब्याच्या कप्प्यावर येते, आणि तापलेलं लोखंड वरून डब्याला शेकतं. दाब वाढला की कडी आपोआप सुटून डबा मागे सरकावा अशी सोय आत असते, तरी तिच्या भरवशावर भाकऱ्या थापायची माझी छाती नाही. लहान पॅनवर थालीपिठं लावली, तळहाताएवढी. दोन शेगड्या शेजारी-शेजारी लावून वर मोठं पातेलं चढवायचं, हेही याच कारणासाठी नको.

दुसरी परीक्षा २०२३ ला, जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारीचे पहिले दोन दिवस. या वेळी बर्फ नव्हता, गोठणारा पाऊस होता. इथली लाइव्ह ओकची झाडं हिवाळ्यातही पानं गाळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पानावर बर्फाचं कवच चढलं आणि वजनाने फांद्या मोडायला लागल्या. रात्रभर अंगणात कुणी लाकडं फोडत असल्यासारखं ऐकू येत होतं. फांद्या तारांवर, वीज गेली, आमची दोन दिवस. पण तोवर डबे घरात, दिवाणखान्याच्या कपाटात आले होते. पहिल्या टक् ला पेटली. बाहेर शून्याच्या आसपास आणि वारा जवळजवळ नाही, त्यामुळे पॅटिओवर निवांत चहा झाला. शेजारचे दोघे थर्मास घेऊन आले, त्यांनाही उकळून दिला. आलं होतं, गवती चहा नव्हता.

डबे गराजमध्ये ठेवू नका हे उन्हाळ्यासाठीही लागू आहे. डब्यावरची मर्यादा १२० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ सेल्सिअस. टेक्सासच्या ऑगस्टमधलं बंद गराज त्याच्या बरंच जवळ जातं, आणि उन्हातली गाडी केव्हाच पलीकडे. हे दुकानदार सांगत नाही.

ज्यांच्याकडे वारंवार पारा शून्याखाली जातो त्यांनी प्रोपेनची कॅम्पिंग शेगडी बघावी. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वाफ देत राहतो. समोरच्यांची त्या सोमवारी, सिलिंडर रात्रभर बाहेर राहूनही, एका काडीत पेटली होती. पण ती मोठी, महाग, सिलिंडर जड, आणि चकल्यांसाठी माझ्या ओट्याखाली मावणारी नाही. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्याही शेगड्या मिळतात. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तीच घेईन.

२०२५ च्या जानेवारीत ह्यूस्टनला बर्फ पडला आणि न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर तर आठ इंच. तेव्हा ह्यूस्टनच्या मैत्रिणीचा फोन आला, "तुझी ती शेगडी कुठली?" तिला दुकानात शेगडी मिळाली, डबे नाही.

किरकोळ तक्रारी: पत्रा पातळ, कडा हाताला लागतात. बटण मंद आचेवर नीट थांबत नाही, दूध तापवताना उभंच राहावं लागतं. मराठी माणसाने दूध तापवताना उभं राहायचंच असतं, ते सोडा. डब्यांच्या टोप्या फेकू नका, तोंडात धूळ गेली की गॅस अडखळतो. आणि प्लास्टिकच्या पेटीची कडी दुसऱ्याच वर्षी तुटली. कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही. सध्या पेटी परकराच्या नाडीने बांधलेली आहे.