असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने: सस्पेन्शनशी काही महिने झटापट

कुनोस सिमुलाझिओनी या इटालियन कंपनीचा हा कार रेसिंगचा गेम २०१९ साली पूर्ण स्वरूपात आला, त्यामुळे ग्राफिक्स, आवाज वगैरेवर आता नव्याने बोलण्यासारखं काही नाही. लिहितोय ते फक्त सेटअपबद्दल, म्हणजे गाडीच्या टायर-सस्पेन्शनच्या जुळवणीबद्दल. गाडी पोर्शे ९११ जीटी३ आर, ट्रॅक बहुतेक वेळा बेल्जियममधला स्पा.

आधी टायर प्रेशर बघा. कोरड्या ट्रॅकवर टायर तापल्यावर ते २६ ते २७ पीएसआयमध्ये बसायला हवं. जुने व्हिडिओ २७.५ च्या आसपास सांगतात, १.९ व्हर्जनपासून ते आकडे बाद झाले. बाहेरची हवा एका अंशाने तापली की प्रेशर साधारण ०.१ ने चढतं, म्हणून सकाळच्या सेशनचा सेटअप दुपारी जसाच्या तसा चालत नाही. हे जमेपर्यंत स्प्रिंगला हात लावू नका. प्रेशरचं पाप उगाच सस्पेन्शनच्या माथी जातं.

खरी गंमत बंपस्टॉपमध्ये, म्हणजे सस्पेन्शनला पूर्ण दबू न देणाऱ्या ठोकळ्यात आहे. वेग वाढला की डाउनफोर्समुळे (हवेचा खाली दाबणारा जोर) गाडी खाली दबते आणि सस्पेन्शन बंपस्टॉपवर टेकतं. टेकलं की ते टोक एकदम कडक होतं आणि तिथली पकड सुटते. पोर्शेचं इंजिन मागे, त्यामुळे स्पाच्या ओ रूज वळणाच्या खळग्यात सगळा भार मागच्या चाकांवर येतो. मागची बंपस्टॉप रेंज (टेकण्याआधीचा मोकळा प्रवास) कमी असेल तर त्यापुढचा रेडियाँचा चढ चढताना मागची बाजू अशी काही सटकते की स्टीअरिंग उलटं फिरवायलाही वेळ मिळत नाही. रेंज थोडी वाढवली की तीच गाडी निमूट वर जाते. पण आता मागची बाजू जास्त दबते, रेक (मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असण्याचा कल) कमी होतो आणि पूओंच्या लांब डाव्या वळणात पुढची चाकं बाहेर ओढायला लागतात. मग मागची राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) किंचित वर घ्यायची, आणि परत रेडियाँ तपासायचं! मला हा गेम खरा वाटतो तो या ओढाताणीमुळे.

अँटीरोल बारचा (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) परिणाम मात्र पहिल्याच लॅपला हाताला कळतो. मागचा एक-दोन क्लिक मऊ केला की हळू वळणातून बाहेर पडताना गॅस लवकर देता येतो. डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) प्रीलोड, म्हणजे ती चाकं एकत्र जखडणारा मूळ ताण, कमी केला तर गाडी वळणात पटकन शिरते, पण गॅस सोडल्यावर चंचल होते.

डँपर (स्प्रिंगची हालचाल आवरणारे शॉक ॲब्झॉर्बर) मी जवळपास सोडून दिलेत. स्पाच्या बस स्टॉप वळणातल्या कर्बवर (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) गाडी उडू नये म्हणून फास्ट बंप (झटक्यात दबण्याला होणारा विरोध) मऊ करतो, बाकी जैसे थे. कोणता क्लिक नेमकं काय करतो हे गेम धड सांगत नाही, ही माझी मोठी तक्रार. टेलिमेट्री (गाडीच्या हालचालींची नोंद) मोटेक या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सस्पेन्शनचा प्रवास बघता येतो, पण कामावरून दमून आल्यावर ते आलेख वाचणं म्हणजे दुसरी नोकरीच.

विकतच्या सेटअपवर पैसे घालवू नका. गेममधला ॲग्रेसिव्ह प्रीसेट (तयार सेटअप) घ्या, प्रेशर जुळवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. गेमपॅडवाल्यांनी सेफ प्रीसेटवरच राहावं. यातलं निम्मं बोटांना जाणवतच नाही.