केबिन क्रूची नोकरी, बारावीचे मार्क आणि ‘सगळं सेट करून देतो’ म्हणणारे

‘एअर होस्टेस आणि केबिन क्रू भरती. बारावी नापास चालेल. महिना ४५ हजार, राहणं-जेवण फ्री, इंटरव्ह्यू फोनवर.’ अशा जाहिराती इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणि नोकरीच्या पोर्टलांवर रोज फिरतात. त्यांना फसून पैसे घालवणाऱ्या बहुतेक मुली-मुलांची अडचण एकच असते, ती म्हणजे बारावी. कुणाची राहिलेली, कुणाला मार्क कमी. फसवणूक करणारा नेमका याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, म्हणून खरी अट काय आहे ते आधी समजून घ्या.

भारतातल्या विमान कंपन्यांमध्ये केबिन क्रू व्हायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात आणि मान्यताप्राप्त बोर्डाची बारावी उत्तीर्ण लागते. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, काहीही चालतं. इंडिगोच्या भरतीत नव्या उमेदवारांसाठी साधारण १८ ते २७ वय, मुलींना किमान १५५ सेंटिमीटर उंची आणि हातात भारतीय पासपोर्ट, अशा अटी असतात. दुबईच्या एमिरेट्सला २१ वर्षं पूर्ण, १६० सेंटिमीटर उंची आणि चवड्यांवर उभं राहून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोचणं लागतं, शिक्षण बारावीपर्यंतचं. टक्केवारीची अट काही जाहिरातींत असते, पुष्कळ जाहिरातींत नसतेच.

इथेच फसणाऱ्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातल्या मुली बारावी पास असतात, ४५-५० टक्क्यांवर. त्यांना ‘कंपनीला ७० टक्के लागतात, आम्ही क्रायटेरिया रिलॅक्स करून देतो’ असं सांगून पैसे घेतले जातात. म्हणजे जी अट त्या भरतीत नव्हतीच, ती माफ करून देण्याचे पैसे. दुसऱ्या गटातल्या मुली नापास असतात. त्यांच्या बाबतीत बारावी उत्तीर्णची अट खरी असते आणि ती कुणालाच माफ करता येत नाही, कंपनीच्या एचआर प्रमुखालाही नाही. विमान कंपनीत ‘मॅनेजमेंट कोटा’ नावाचा प्रकार नाही. तो शब्द कानावर पडला की फोन ठेवून द्या.

फोन बहुतेक वेळा हिंदीत येतो. ‘मॅम, आपका रिझ्यूमे शॉर्टलिस्ट हुआ है.’ तुमचं नाव, गाव, बारावीचं वर्ष सगळं त्याला ठाऊक असतं, कारण तुम्हीच कुठल्यातरी पोर्टलवर टाकलेला बायोडाटा त्याच्यासमोर उघडा असतो. असे फोन चालवणारी कॉल सेंटर दिल्ली-नोएडा पट्ट्यात पोलिसांनी अनेकदा पकडली आहेत. पाच-दहा मिनिटांचा ‘टेलिफोनिक इंटरव्ह्यू’ होतो, त्यात कुणीच नापास होत नाही. मग रजिस्ट्रेशन फी मागतात. ती मुद्दाम लहान आणि विचित्र आकड्याची असते, १,५५० किंवा २,३५० रुपये, म्हणजे सरकारी चलनासारखी वाटावी. ती भरली की युनिफॉर्म आणि आयडी कार्ड, मग मेडिकल, मग एअरपोर्टचा गेट पास, मग सॅलरी अकाउंट, मग ट्रेनिंगचं सिक्युरिटी डिपॉझिट. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा मोठी आणि प्रत्येक वेळी वाक्य तेच: पहिल्या पगारात परत मिळेल.

माणूस थांबत का नाही, हे घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवं. आठ हजार भरून झाल्यावर पुढचे बारा हजार नाकारणं म्हणजे आधीचे आठ बुडाले हे मान्य करणं. पोरगी ते मान्य करायला तयार नसते आणि घरी सांगायलाही धजत नाही. वडिलांनी मध्ये पडून फोन घेतला तर ‘सिनियर एचआर’ लाइनवर येतो आणि ‘काका, तुमच्यामुळे मुलीचं करिअर जाईल’ असं सुनावतो. त्यानेही काम झालं नाही तर करार मोडल्याबद्दल केस टाकण्याची धमकी देतात. असली केस कुणी टाकत नाही. धमकीने पैसे सुटतात एवढाच तिचा उपयोग.

पैसे कुणाच्या नावावर जातात ते प्रत्येक वेळी बघा. यूपीआयवर विमान कंपनीचं नाव कधीच दिसत नाही. एखादं किराणा दुकान, एखादी एंटरप्रायझेस किंवा कुणा अनोळखी माणसाचं खातं दिसतं आणि दर हप्त्याला ते बदलतं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात.

ऑफर लेटर हातात आलं की बहुतेकांचा विश्वास बसतो, म्हणून ते जरा जवळून पाहू. पीडीएफ असते. वर विमान कंपनीचा लोगो, कडेने ताणलेला किंवा फाटल्यासारखे ठिपके दिसणारा. शेजारी अशोकस्तंभ किंवा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं नाव. खासगी कंपनीच्या नेमणूकपत्रावर राजमुद्रा असण्याचं काहीच कारण नाही. खाली गोल शिक्का, त्यावर ‘अप्रूव्ह्ड’. पगाराचा तक्ता व्यवस्थित असतो, बेसिक, एचआरए वगैरे, पण पदाच्या जागी एकदा केबिन क्रू आणि एकदा ग्राउंड स्टाफ लिहिलेलं असतं, कारण एकच नमुना सगळ्यांना पाठवतात. पत्राच्या शेवटी बँक खात्याचा नंबर आणि ४८ तासांत पैसे भरण्याची सूचना. खरं नेमणूकपत्र कंपनी पैसे देणार हे सांगतं, मागत नाही. पत्र ज्या ईमेलवरून आलं त्यातला ‘अ‍ॅट’नंतरचा भाग अक्षर न् अक्षर वाचा. जीमेल असेल तर प्रश्नच मिटला. कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’, ‘एचआर’, ‘जॉब्स’ अशी शेपटी लावलेलं डोमेन असेल, तर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः जाऊन करिअर्सच्या पानावर खातरजमा करा. पत्रातल्या लिंकवरून जाऊ नका.

भरतीचं पत्र एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाच्या नावाने असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. ती संस्था विमानतळ चालवते, केबिन क्रू नेमत नाही.

खरी निवड फोनवर पूर्ण होत नाही. प्रत्यक्ष बोलावतात, उंची मोजतात, त्वचा, दात, दिसणारे टॅटू पाहतात, इंग्रजी उतारा वाचायला देतात, गटचर्चा घेतात, मग मुलाखत. नंतर मेडिकल, कागदपत्रांची पडताळणी आणि कंपनीचं स्वतःचं प्रशिक्षण. त्यात आग विझवणं, प्रथमोपचार, ९० सेकंदांत विमान रिकामं करणं, पाण्यावर उतरल्यास काय करायचं, असं सगळं येतं. इंडिगोचं ‘आयफ्लाय’ हे प्रशिक्षण केंद्र गुरुग्रामला आहे. पायलटला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, परवाना देतं, तसा वैयक्तिक परवाना भारतात केबिन क्रूला नसतो. त्यामुळे ‘डीजीसीएचं केबिन क्रू लायसन्स काढून देतो’ म्हणणारा जे विकतोय ते अस्तित्वातच नाही.

आता सगळ्यात घातक भाग. रजिस्ट्रेशनचे पैसे गेले तर गेले, माणूस सावरतो. पण बारावी नापास मुलीला एजंट दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर विचारतो, ‘मार्कशीटचं काय करायचं? पंधरा दिवसांत बारावी करून देतो, फर्स्ट क्लास.’ यासाठी दहा-पंधरा हजारांपासून लाखापर्यंत सांगतात. मिळतं ते दोन प्रकारचं. एक म्हणजे राज्य मंडळाची किंवा दुसऱ्या राज्याच्या बोर्डाची बनावट मार्कशीट. दुसरं म्हणजे बोर्डच बनावट, नावात ‘दिल्ली’, ‘नॅशनल’, ‘हायर सेकंडरी’ असे भारदस्त शब्द, चकचकीत संकेतस्थळ आणि त्यावर तुमचा रोल नंबर टाकला की तुमचा निकालही दिसतो. संकेतस्थळ त्याचंच, त्यामुळे निकालही त्याचाच. बोर्ड खरं आहे का हे पाहायचं तर देशातल्या शालेय मंडळांची परिषद आहे, ‘कोब्से’, तिच्या यादीत नाव शोधा.

ही मार्कशीट टिकत नाही. विमान कंपन्या पडताळणीचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात आणि ती एजन्सी थेट बोर्डाला विचारते. बनावट मार्कशीटवरचा बैठक क्रमांक बोर्डाच्या नोंदीत भलत्याच मुलाच्या नावावर निघतो किंवा निघतच नाही. त्याशिवाय विमानतळावर आत जायच्या पाससाठी पोलिसांमार्फत पार्श्वभूमी तपासतात. एखादी मुलगी यातून निसटून रुजू झाली तरी रुजू होताना तिने ‘दिलेली माहिती खरी आहे’ अशी सही केलेली असते. वर्षभराने उघड झालं तरी नोकरी जाते.

आणि गुन्हा तिच्यावरही दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३३६ बनावट दस्तऐवज तयार करण्याबद्दल आहे, कलम ३४० तो खरा म्हणून वापरण्याबद्दल. पैसे देऊन मार्कशीट घेणारी आणि पुढे सादर करणारी मुलगी ‘मला फसवलं’ एवढ्यावर सुटत नाही. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो मार्कशीटचा व्यवहार लवकर उरकून घेतो. एकदा तो झाला की पुढे कितीही लुबाडलं तरी ही पोलिसांत जाणार नाही, हा त्याचा हिशोब असतो. ‘तक्रार केलीस तर तूच आत जाशील’ हे वाक्य मग राखून ठेवलेलं असतं.

केबिन क्रूचे कोर्स चालवणाऱ्या क्लासवाल्यांचा प्रकार वेगळा, कारण तिथे ऑफिस असतं, पावती असते. सगळे क्लास फसवे नाहीत. पण विमान कंपनीला कुठल्याही बाहेरच्या कोर्सचं सर्टिफिकेट लागत नाही, हे माहीत असताना ‘१०० टक्के प्लेसमेंट’ सांगून लाखाच्या घरात फी घेणं ही फसवणूकच आहे. बारावी नापास मुलीला प्रवेश देताना ‘कोर्स होईपर्यंत बारावी होऊन जाईल’ म्हणतात आणि अर्जावर तिथे काहीतरी खाडाखोड करतात. फी एकदम नसेल तर ‘इझी हप्ते’. टॅबवर दोन-तीन ओटीपी घेतात आणि ते प्रत्यक्षात फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. रक्कम क्लासला एकदम मिळते, हप्ते तुमच्या खात्यातून जातात. क्लास सोडला, बंद पडला, तरी हप्ते चालूच राहतात आणि थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं. सही करण्याआधी कर्ज कुणाकडून, किती व्याजाने आणि प्रवेश रद्द केल्यास काय, हे लेखी मागा. प्लेसमेंटचं आश्वासनही लेखी मागा. बहुतेक ठिकाणी कागदावर ‘गॅरंटी’चं ‘असिस्टन्स’ झालेलं दिसेल. मूळ मार्कशीट तर कुणाकडेच ठेवायची नाही.

आखाती देशांतल्या नोकरीचं आमिष असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ, असं म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

बारावीचा खरा रस्ता एजंटच्या रस्त्यापेक्षा खूप स्वस्त आहे. राज्य मंडळाचे विषय राहिले असतील तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, अर्ज आपल्या कॉलेजमार्फतच भरायचा. दहावीनंतर शिक्षण सुटलं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. पास आहात पण मार्क कमी आहेत, तर पुन्हा परीक्षा देऊन मार्क वाढवायची श्रेणीसुधार योजना आहे. राज्य मंडळ नको असेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा, पाच विषय, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, आणि प्रवेश पाच वर्षं टिकतो. मान्यताप्राप्त बोर्डात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे वर्गही करता येतात. प्रवेश एनआयओएसच्या संकेतस्थळावर स्वतःच घ्या. दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं, त्यामुळे ‘महिन्यात बारावी’ तिथेही होत नाही. ‘परीक्षेला आम्ही माणूस बसवू’ म्हणणारे एनआयओएसच्याच नावाने फिरतात, तोही गुन्हाच.

पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, लगेच फोन करा, रात्र असली तरी. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फारशी उरत नाही. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळं एक्स्पोर्ट करून घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्याला घ्यावा लागतो. क्लासच्या फीबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बनावट मार्कशीट घेऊन बसला असाल तर ती कुठेही सादर करू नका आणि फाडूही नका. तो एजंटविरुद्धचा पुरावा आहे. आधी वकिलाला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. क्लासने किंवा एजंटने तुमची खरी मार्कशीट अडकवून पैसे मागितले तर देऊ नका. विभागीय मंडळाकडे अर्ज केला की दुय्यम गुणपत्रक मिळतं.